हेलिओस ४४-२ : अठ्ठावीसशेची लेन्स आणि माझी चाळिशी

"मावशी, कॅमेरा मेलाय, पण काच जिवंत आहे. घेऊ का?"

रविवारी सकाळी भाच्याचा मेसेज आला, सोबत तीन फोटो. पुण्याच्या जुन्या बाजारात नळाच्या तोट्या, गंजलेले पाने आणि एक पितळी अडकित्ता यांच्या मधोमध झेनिट-ई बसलेला होता. सोव्हिएत रशियाचा फिल्म कॅमेरा, विटेएवढा जड. त्याच्या तोंडाला काळी लेन्स, तिच्यावर गोलाकार अक्षरं : हेलिओस-४४-२, २/५८, मेड इन यूएसएसआर. विकणारा साडेतीन हजार म्हणत होता. भाच्याने घासाघीस करून अठ्ठावीसशेला दोन्ही उचलले आणि पुढच्या सुट्टीत फलटणला घेऊन आला. कॅमेऱ्याच्या शटरचा पडदा अर्ध्यात अडकलेला, लाइट मीटरचा काटा हलत नाही. तो आता टीव्हीशेजारी शोभेला आहे. लेन्स मात्र दोन वर्षं मी रोज नाही तरी आठवड्यातून तीनदा वापरते आहे. ती कशी आहे, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. फोटोग्राफी शिकलेली नाही. कॅमेरा सोनीचा ए६०००, २०१४ सालचं मॉडेल, सेकंडहँड घेतलेला. त्याच्यासोबत मिळालेली १६-५० ची झूम लेन्स इतकी वर्षं पुरली. वय अठ्ठेचाळीस, डोळ्यांना चाळिशी. लेन्सवरच्या नंबराचे पहिले दोन आकडे ७८ आहेत आणि या लेन्सवर ते बहुतेक वेळा सालाचे असतात, असं कळल्यावर मला ती एकदम घरातली वाटायला लागली. मीही अठ्ठ्याहत्तरचीच.

हेलिओस ४४-२ ही काही दुर्मीळ वस्तू नाही. उलट एवढी मुबलक बनलेली दुसरी जुनी लेन्स शोधून सापडायची नाही. झेनिटसोबत ती साबणासोबतच्या डबीसारखी मिळायची. मूळ रचना जर्मन, येना इथल्या कार्ल झाइसच्या बायोटारची. महायुद्धानंतर ती रशियात गेली आणि क्रास्नोगोर्स्क, वाल्दाय, मिन्स्क अशा तीन ठिकाणच्या कारखान्यांतून लाखांनी बाहेर पडली. आत चार गटांत सहा काचा, अॅपर्चरला, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या लहानमोठ्या होणाऱ्या भोकाला, आठ पाती, पुढे ४९ मिलिमीटरचा फिल्टर बसतो, वजन पाव किलोच्या आत. सगळं धातूचं. प्लास्टिकचा तुकडा नाही. हातात घेतली की आमच्या लहानपणीच्या बॅटरीची आठवण येते, दोन सेल घातल्यावर भरीव लागायची ती.

आता ती सोनीला बसवायची कशी? लेन्सच्या मागे आटे आहेत, एम४२ म्हणतात त्याला, ४२ मिलिमीटर व्यासाचे. बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. मध्ये अॅडॉप्टर लागतो. हा अॅडॉप्टर म्हणजे पोकळ नळी, आत काच वगैरे काही नाही. पण त्याची लांबी तंतोतंत हवी. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर होती, सोनीत ती सेन्सरपासून (डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असतो तो) १८ मिलिमीटरवर. मधला २७.४६ चा फरक नळीने भरून काढायचा. हे सगळं मला चंद्राने शिकवलं. पहिला अॅडॉप्टर ऑनलाइन घेतला, साडेचारशेला. बसवला तर लेन्स हलत्या दातासारखी डुगडुगायची. रात्री गच्चीवरून चंद्राचा फोटो काढायला गेले, रिंग अनंताच्या खुणेपर्यंत फिरवली, शेवटाला टेकली, तरी चंद्र म्हणजे भाकरीचा पिठाळ गोळाच. नळी लांब झाली होती. केसभरच, पण त्या केसाने चंद्र बुडवला. विकणाऱ्याला कळवलं तर म्हणाला, लेन्सच जुनी आहे मॅडम. नाव घेत नाही. दुसरा अॅडॉप्टर साडेनऊशेचा घेतला आणि पहिल्याच रात्री चंद्रावरचे डाग दिसले.

तरी एक गंमत उरलीच. आटे पूर्ण आवळल्यावर लेन्सवरची आकड्यांची रेघ वर यायला हवी, ती आली खाली, कॅमेऱ्याच्या पोटाशी. अंतर वाचायचं तर कॅमेरा उलटा धरावा लागायचा. अॅडॉप्टरच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात, ते सैल केले की आतली कडी फिरते. घड्याळाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. स्क्रू हरवेल म्हणून परातीत ठेवून हे काम करा.

आणि ज्यांच्याकडे सोनी आहे त्यांच्यासाठी : मेन्यूत 'रिलीज विदाउट लेन्स' नावाची सेटिंग आहे, ती चालू करा. नाहीतर कॅमेऱ्याला वाटतं की आपल्याला लेन्सच लावलेली नाही, आणि तो बटण दाबूनही ढिम्म. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. लेन्सला विजेचा एकही संपर्क नाही, तिचं काही कॅमेऱ्याला कळत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. फोटोच्या माहितीत अॅपर्चरचा आकडा उमटत नाही, तोही यामुळेच. सुरुवातीला मी अॅपर्चर बदललं की आधी स्वतःच्या बोटांचा एक फोटो काढायची. दोन बोटं म्हणजे एफ/२, चार म्हणजे एफ/४ (आकडा लहान तेवढं भोक मोठं). आठला एक हात पुरेना, मग तो नाद सोडला.

अॅपर्चरच्या रिंगा दोन आहेत आणि त्या बघून नवा माणूस गोंधळतोच. पुढची रिंग टक्-टक् करत आकड्यांवर थांबते. तिने फक्त हद्द ठरते. तिच्या मागची गुळगुळीत फिरते, न थांबता, आणि ती पूर्ण उघडं ते ठरवलेली हद्द एवढ्यातच जाते. दाराला दगड लावून ठेवावा तसं : दार दगडापलीकडे मिटत नाही. पूर्वी याची गरज होती, कारण पूर्ण उघड्यावर उजेडात फोकस करायचा आणि फोटो काढताना न बघता मिटवायचं. आजच्या कॅमेऱ्यात स्क्रीन आपोआप उजळते, त्यामुळे मी पुढची रिंग १६ वर टाकून ठेवली आहे आणि सगळा कारभार मागच्या रिंगेवर. कधी कधी चुकून ती फिरते आणि फोटो एफ/२ ऐवजी तीन-साडेतीनला निघतो. कळतं नंतर.

मुख्य प्रश्न फोकसचा. हाताने फोकस म्हणजे काय, हे आमच्या आत्याबाईंनी एका वाक्यात सांगितलं. त्या पडवीत वाकळ शिवत बसल्या होत्या. दुपारचं तिरपं ऊन दारातून आत, सुईत दोरा ओवताना त्यांचा हात डोळ्यांजवळ. मी अर्ध्या मीटरवर गुडघे टेकून रिंग फिरवतेय, पुढे, मागे, थोडी पुढे. चार वेळा दोरा ओवून झाला असेल. शेवटी त्या म्हणाल्या, "कवाधरनं नुसता कान पिळतीयास त्येचा. काढ की फोटू."

त्या अंतरावर कान पिळावाच लागतो. एक मीटरवर, एफ/२ ला, या कॅमेऱ्यात जे स्पष्ट येतं त्याची जाडी जेमतेम सव्वादोन-अडीच सेंटिमीटर. अर्ध्या मीटरवर तर अर्धाच सेंटिमीटर. सुईचं नेढं आलं तर नख जातं. श्वास घेतला तरी फोकस सुटतो, आपला किंवा समोरच्याचा. मी शेवटी रिंगेचा नाद सोडला. रिंग एका जागी ठेवायची आणि स्वतः डोकं इंचभर पुढेमागे न्यायचं, बरोबर वाटलं की दाबायचं. जवळच्या फोटोंत हेच चालतं. आत्याबाईंचा तो फोटो मिळाला, सुई, दोरा आणि अंगठ्याच्या चिरा स्पष्ट. चेहरा मागे विरघळलेला, तरी त्याच आहेत हे कुणीही ओळखतं.

कॅमेरा मदत करतो. 'पीकिंग' नावाची सोय आहे : जे फोकसमध्ये येतं त्याच्या कडांवर रंगीत ठिपके उमटतात. रंग तीन, लाल, पिवळा, पांढरा. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी आमच्याकडचे रंग पाहिलेले नसावेत. वारकऱ्यांच्या धोतरा-सदऱ्यांवर पांढरे ठिपके शोधून दाखवा. जेजुरीला पिवळा लावून गेले, सगळी पायरीच पिवळी, फोकस कुठला आणि भंडारा कुठला काही समजेना. लग्नात लाल घ्यावा तर नवरीचा शालू, कुंकू, अक्षता, मांडवाचं कापड. उपाय भाच्याने काढला. कॅमेऱ्यात 'क्रिएटिव्ह स्टाइल' ब्लॅक अँड व्हाइट ठेवायची आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचे संस्कार न झालेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढायचे. व्ह्यूफाइंडरमध्ये जग काळं-पांढरं दिसतं, त्यावर लाल ठिपके लख्ख उठतात, आणि रॉ फाइलमध्ये रंग शाबूत असतात. माझ्यासाठी ही एक युक्ती सगळ्या लेन्सच्या किमतीची ठरली.

पण पीकिंगवर आंधळा विश्वास नको. ते उदार आहे. 'हाय'वर ठेवलं तर नाक, डोळा, कान सगळ्यालाच पास करतं. 'लो'वर ठेवा. आणि चेहऱ्याचा फोटो असेल तर चित्र मोठं करून पापणी बघा. या कॅमेऱ्यात ५.९ आणि ११.७ पट मोठं होतं. सोनीच्या स्वतःच्या लेन्सची रिंग फिरवली की ते आपोआप होतं, इथे होत नाही, कारण तेच : लेन्स फिरतेय हे त्याला कळतच नाही. मी सी-१ बटणावर ते लावून घेतलं आहे. पहिल्या दाबाला चौकट, दुसऱ्याला मोठं चित्र. तेवढ्यात मूल हललेलं असतं.

आणि चाळिशी! पहिले पंधरा दिवस मी लेन्सला शिव्या देत होते. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं धुरकट, ठिपके मात्र बरोबर जागी. म्हटलं, काचेत बुरशी असणार, फसलो. एके दिवशी लक्षात आलं, खालचे आकडेसुद्धा धुरकट आहेत. आकडे काही लेन्समधून येत नाहीत! व्ह्यूफाइंडरच्या बाजूला नखाएवढं चाक असतं, नंबर जुळवायचं, ते पिशवीत घासून फिरलं होतं. आता घरातून निघताना आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवून घेते. चष्मा डोक्यावर, डोळा कॅमेऱ्याला. चाळिशीच्या पुढच्या लोकांनी मॅन्युअल लेन्सच्या नादी लागू नये असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, आधी ते चाक बघा.

चित्र कसं येतं? मधोमध एफ/२ लासुद्धा बारकावा आहे, पण त्यावर एक हलकी साय असते. चाळिशीच्या बायका या सायीला नावं ठेवणार नाहीत. एफ/४ ला साय निघून जाते, ५.६ ला तर आत्याबाईंच्या लुगड्याचा धागा मोजावा. कडा कमजोर, पण माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान आहे, म्हणून लेन्सच्या कडा चित्रात येतच नाहीत. त्याच लहान सेन्सरमुळे ५८ मिलिमीटरची लेन्स ८७ मिलिमीटरसारखी वागते, दृश्य जास्त जवळ ओढते. म्हणजे चेहऱ्यांना झकास, आणि घरात अडचणीची. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसांचा फोटो काढायचा तर मी कपाटात शिरते.

या लहान सेन्सरचं एक वाईट, आणि ते विकत घेण्याआधी कळायला हवं. हेलिओस प्रसिद्ध आहे ती मागच्या भोवऱ्यासाठी. झाडाची पानं, त्यांतून झिरपणारा उजेड, हे मागे असेल तर ते ठिपके चेहऱ्याभोवती गरगर फिरल्यासारखे दिसतात. या मागच्या धूसरपणाला फोटोग्राफर मंडळी 'बोके' म्हणतात. आमच्या वर्गात हा शब्द उच्चारायची सोय नाही. आणि मांजराशी संबंध नाही म्हणावं, तर कडेच्या ठिपक्यांना मांजराचा डोळाच म्हणतात. मधले ठिपके गोल, पण कडेला तिरपा येणारा उजेड लेन्सच्या नळीतच अडतो आणि गोलाचा बदामासारखा डोळा होतो. असे डोळे केंद्राभोवती ओळीने लागले की भोवरा दिसतो. आता, तो होतो कडांना, आणि माझा सेन्सर कडाच कापून टाकतो. त्यामुळे मला अर्धा भोवराच मिळतो. माणूस एक-दीड मीटरवर, मागची झाडं चार-सहा मीटरवर, एफ/२, मागून ऊन, असं सगळं जुळलं तर शाळेमागच्या चिंचेखाली मला तो दोन-चारदा मिळाला. इंटरनेटवरचे भोवरे बघून ही लेन्स घेणार असाल आणि तुमचा कॅमेरा लहान सेन्सरचा असेल, तर निराश व्हाल. फुल फ्रेमवाल्यांनी, म्हणजे जुन्या फिल्मएवढा सेन्सर असणाऱ्यांनी, खुशाल घ्यावी.

हेलिओस म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. नाव सूर्याचं, आणि सूर्य समोर आला की हिची दातखीळ बसते. काचांवरचा लेप जुन्या पद्धतीचा, एकेरी. परिपाठाला मुलं पूर्वेला पाठ करून उभी होती, मी समोरून फोटो काढला, सगळी रांग ताकात बुडवल्यासारखी. काळा म्हणून काही उरलाच नाही. लेन्सच्या तोंडावर ऊन अडवणारा हूड विकत मिळतो, पण मी काळा कार्डपेपर चार सेंटिमीटर रुंदीचा कापला, गुंडाळला, रबरबँड लावला. शिक्षकाच्या घरात कार्डपेपर कधी कमी पडत नाही. त्याने निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा कधी कधी मुद्दाम ठेवते. संध्याकाळी ऊसतोडीच्या बैलगाड्या परत येताना धुळीतून ऊन येतं, तेव्हा हा दोष मला हवा असतो.

खरा फायदा सांगायचा तर उजेडाचा. आमच्या वर्गाला दोन खिडक्या आणि एक ट्यूबलाइट. सोबतची झूम ५० वर नेली की अॅपर्चर ५.६ च्या वर उघडत नाही. हेलिओस एफ/२ ला त्याच्या आठपट उजेड आत घेते. जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, ६४०० वर नेऊन मुलांच्या गालांवर रवा सांडल्यासारखा दिसायचा, तिथे आता ८०० वर काम होतं. फळ्यासमोर गणित अडलेली मुलगी, खडू ओठांना लावून विचार करणारी, असे फोटो मला आधी मिळतच नव्हते. फ्लॅश मारला की ती मुलगी विचार करायची थांबते.

फक्त हात हलण्याकडे लक्ष ठेवायला लागतं. ए६००० च्या बॉडीत हलणं सावरायची सोय नाही, लेन्समध्ये तर नाहीच. आणि अॅपर्चर प्रायॉरिटीवर (अॅपर्चर आपण, शटर कॅमेरा ठरवतो) ठेवलं की हा कॅमेरा ऑटो आयएसओला १/६० चा शटर स्पीड धरून बसतो, कारण पुढे कितीची लेन्स आहे त्याला माहीत नाही. १/६० ला माझा हात हलतो आणि मुलं तर हलतातच. मी सरळ एम मोडवर, म्हणजे शटर स्वतः ठरवून, १/२५० ठेवते, आयएसओ ऑटो. तेव्हापासून फुकट जाणारे फोटो निम्म्यावर आले.

आता वारी. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला निघते, वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना दिंड्या, मध्ये मोकळी वाट, आणि त्या वाटेने माउलींचा अश्व आणि स्वाराचा अश्व रथापर्यंत धावत जातात. आमच्या घरापासून ते जवळच, दरवर्षी जातोच. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने हेलिओस घेऊन गेले, एफ/२ वर, घोडा येताना रिंगेने त्याचा पाठलाग करायचा बेत. टाळ सुरू झाले, माणसं टाचांवर उठली, "आला, आला," आणि घोडा आला तसा गेला. मी त्या गडबडीत रिंग उलट्या बाजूला फिरवली होती. सत्तावीस फोटो, एकातही घोडा नाही म्हटलं तरी चालेल. एकात शेपूट असावी. माझ्याशेजारी गावातला व्हिडिओ शूटिंगवाला उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाई, ह्याला ऑटो नाही का?"

दुसऱ्या वर्षी घरातूनच ठरवून गेले. एफ/८, रिंग पाच मीटरवर, आणि रिंगेला सेलोटेपचा तुकडा, म्हणजे उत्साहात हात गेला तरी फिरू नये. माझ्या कॅमेऱ्यावर या आकड्यांना चार मीटरपासून साडेसहा मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. (लेन्सवर छापलेल्या रेघा याहून जास्त कबूल करतात. त्या फिल्मच्या मोठ्या चौकटीसाठी आहेत, लहान सेन्सरला त्यांचं ऐकू नये.) शटर १/१०००, आभाळ भरलेलं म्हणून आयएसओ तीन हजारांच्या पुढे. वाटेपासून पाच मीटर मागे, एका बांधावर उभी राहिले. पावलांनी मोजून. घोडा येण्याआधी समोरच्या वाटेवर एक तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेली आजी होती, तिच्यावर सगळं तपासून घेतलं. मग फक्त वाट पाहिली. डोळ्याला लावलेला कॅमेरा, हात रिंगेवर नाही, बटणावर. स्वाराचा अश्व चौकटीत शिरला, मी दाबून धरलं. हा कॅमेरा सेकंदाला अकरा फोटो काढतो, त्यातले तीन कामाचे. एकात घोड्याचे कान मागे आहेत, स्वार पुढे झुकलाय, आणि पलीकडच्या रांगेतला एक म्हातारा हात जोडलेला, तोंड उघडं. पलीकडची रांग साडेसहा मीटरच्या पुढे होती, त्यामुळे म्हातारा जरा मऊ आलाय. असू दे.

घोडा गेल्यावर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. तेव्हा मात्र सेलोटेप काढायला वेळ लागला आणि तो फोटो हुकला.

पावसाचं एक लिहिते. या लेन्सला पाण्यापासून कसलंही संरक्षण नाही. मी प्लास्टिकची पिशवी गुंडाळते, रबरबँड तोच, हूडचा. घरी आल्यावर उन्हात नाही, पंख्याखाली सुकवायची आणि सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. कातडी कव्हरात तर मुळीच ठेवू नका, बुरशीला ते माहेर वाटतं.

खर्चाचा हिशोब. लेन्स २,८००, पहिला अॅडॉप्टर ४५०, दुसरा ९५०. रिंग जुन्या ग्रीसने इतकी घट्ट झाली होती की थंडीत दोन्ही हात लागायचे, म्हणून पुण्यातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडून ग्रीस बदलून घेतलं, ७०० रुपये. बेरीज ४,९००. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेली लेन्स स्वस्त राहिली नाही, आणि हे बहुतेकांचं होतं. एवढ्यात थोडी भर घातली की सेवन आर्टिसन्स किंवा टीटी आर्टिसनसारख्या चिनी कंपन्यांची नवी कोरी मॅन्युअल लेन्स मिळू शकते, थेट सोनीच्या बैठकीची, अॅडॉप्टरची भानगड नाही, ऊन समोर असताना हिच्याइतकी गांगरत नाही. लहान मुलांच्या मागे धावणारे आईबाप, लग्नाची कामं घेणारी पोरं, यांनी तर सरळ पैसे साठवून सोनीची ऑटोफोकसवाली ५० एफ/१.८ ओएसएस घ्यावी. तिच्यात हात हलणं सावरायची सोयही आहे. माझं काम जागेवर बसलेल्या माणसांचं आहे : शिवणारी, निवडणारी, विचार करणारी, वाट बघणारी. त्यांच्यासाठी मला हेलिओसच हवी. शिवाय आत्याबाई आता मी कान पिळायला लागले की आपोआप जरा थांबतात.

घ्यायचीच असेल तर जुन्या बाजारात जाताना खिशात छोटी बॅटरी ठेवा. लेन्सच्या मागून उजेड टाका आणि पुढून तिरकं बघा. धूळ दिसेल, तिचं काही नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर खाली ठेवा. पुढच्या काचेवर एखादा चरा असेल तर चालतो, मागच्या काचेवरचा चालत नाही. पात्यांवर तेल दिसलं तर घाबरू नका, या मॉडेलमध्ये पाती हातानेच फिरतात, तेलाने अडत नाहीत, पण विकणाऱ्याला ते बोलून दाखवा. रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये कुठे खरखर लागली तर आत कुणीतरी आधी स्क्रूड्रायव्हर घातलेला आहे. आणि मागचं झाकण नसेल तर पन्नास रुपये कमी करून मागा. देतात.